कल्पना चावलांचे भाषण लिहून देताना : यान का जळाले, तेही सांगूया



फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. "मॅडम, कल्पना चावलांवर दोन मिनिटांचं भाषण द्या ना." मग विज्ञान दिन येतो, मग महिला दिन. तीन कार्यक्रम आणि भाषण एकच. त्या भाषणाचा साचा तुम्हालाही पाठ असेल. कर्नालमध्ये जन्म, लहानपणापासून विमानांचे वेड, चंदीगडला एरोनॉटिकल इंजिनिअरिंग, अमेरिकेत पुढचे शिक्षण, १९९७ साली पहिली अंतराळ सफर, २००३ साली दुसरी. आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, की नियतीच्या मनात मात्र वेगळेच होते. मुलगी इथे आवाज खाली आणते, सभागृह शांत होतं, पुढच्या रांगेतले पाहुणे मान हलवतात.

हे वाक्य मीही कित्येक मुलींना लिहून दिलं आहे. आता देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी आजचा लेख.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं राहिलेली असताना संपर्क तुटला आणि टेक्सासच्या आकाशात त्याचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर गेले. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. सोमवारी परिपाठात श्रद्धांजली वाहिली, दोन मिनिटं मौन पाळलं. नंतर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, यान का जळालं?" मी म्हणाले, "वातावरणात शिरताना घर्षणाने खूप उष्णता होते, त्यात जळालं." तो म्हणाला, "मग आधीची का नाही जळली?"

मी त्याला खाली बसवलं. दुर्दैव म्हणतात याला, असं काहीतरी बोलले आणि हजेरी घ्यायला लागले.

त्याचा प्रश्न बिनतोड होता. कोलंबियाची ती २८वी फेरी होती. आधी २७ वेळा तेच यान त्याच आगीतून सुखरूप खाली आलेलं. मग २८व्या वेळी काय वेगळं झालं? याचं उत्तर आहे, आणि ते सहावी-सातवीच्या मुलाला कळेल इतकं सोपं आहे. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाला. मी तो काही वर्षांनी वाचला, तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

आधी निखाऱ्याचं बोलू. माझी आजी रात्री जेवणं आटोपली की चुलीतले निखारे राखेखाली दडपून ठेवायची. पहाटे राख बाजूला केली की आत लाल डोळा दिसायचा. फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की विस्तव तयार. तेच निखारे उघडे ठेवले असते तर मध्यरात्रीपर्यंत त्यांची राख झाली असती. निखारा म्हणजे कार्बन. कार्बन तापलेला असला आणि त्याला ऑक्सिजन मिळाला की त्याचा वायू होऊन तो उडून जातो. राख त्याची ऊब धरते, हे एक. पण तिचं मोठं काम हवा अडवण्याचं. हवा अडली म्हणजे कार्बन टिकला.

एवढं समजलं की अर्धं काम झालं.

अवकाशातून परतणारं यान ताशी पंचवीस-सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं. आपण घर्षण म्हणतो, पण खरं तर यानासमोरची हवा एवढी दाबली जाते की ती दाबल्यामुळेच तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं तोंड गरम होतं, तो प्रकार, अतिभयंकर प्रमाणात. सगळ्यात जास्त मार बसतो तो नाकाला आणि पंखांच्या पुढच्या कडेला. तिथे तापमान दीड हजार अंशांच्या पुढे जातं. शटलचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, तो ६६० अंशांना वितळतो. लोखंडही १५३८ला हात टेकतं. अंगाच्या बाकीच्या भागावर सिलिकाच्या हजारो फरशा बसवलेल्या होत्या, पण नाकाला आणि पंखाच्या कडेला त्या पुरणाऱ्या नव्हत्या. तिथे हवी होती हलकी, मजबूत आणि अशा तापमानालाही मऊ न पडणारी वस्तू.

अशी वस्तू म्हणजे कार्बन. साध्या दाबाला कार्बन वितळतच नाही. आणि कार्बनचे तंतू कार्बनमध्येच घट्ट बसवले तर दोन हजार अंशांच्या वरही त्याची ताकद टिकते. या पदार्थाला इंग्रजी आद्याक्षरांवरून आरसीसी म्हणतात. आरसीसी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्लॅब येतो, आणि गंमत म्हणजे ती तुलना अगदीच चुकीची नाही. स्लॅबमध्ये सिमेंट-काँक्रीटच्या पोटात सळया, इथे कार्बनच्या पोटात कार्बनचे धागे.

तो बनवतात कसा, हे मुलांना सांगाच, कारण ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतात. सुरुवात होते रेयॉनच्या कापडापासून. हो, तेच रेयॉन, ज्याच्या कुर्त्या बाजारात मिळतात. त्या कापडाचा आधी कार्बन केला जातो, मग त्यावर रेझिन चढवून थरावर थर रचतात आणि हवा लागू न देता भाजतात. आपल्याकडे कोळसाभट्टीत लाकडाचा कोळसा पाडतात तो असाच, मातीखाली हवा कोंडून. रेझिनचाही कार्बन होतो. भाजताना जी छिद्रं पडतात ती भरायला पुन्हा एक द्रव मुरवून पुन्हा भाजायचं, असं तीन वेळा. शेवटी हातात येतो पाव ते अर्धा इंच जाडीचा, पंखाच्या कडेसारखा वळलेला काळा पत्रा. कोलंबियाच्या प्रत्येक पंखाला असे २२ पत्रे होते.

आता वर्गात हमखास कोणीतरी हात वर करतं. "बाई, पण कोळसा तर जळतो!"

बरोबर. उष्णता सोसण्यात कार्बनचा हात धरणारं कोणी नाही, पण ऑक्सिजनपुढे तो लाचार. चार-पाचशे अंशांच्या पुढे हवेत नुसता कार्बन ठेवला की तो झिजायला लागतो. म्हणजे ज्या कामासाठी आणला तिथेच तो उघडा राहू शकत नाही. त्याला राख हवी. अर्थात राख वाऱ्याने उडेल, म्हणून अशी राख हवी जी अंगालाच चिकटून राहील, नव्हे अंगातूनच उगवेल.

इथे येतो सिरॅमिकचा लेप. सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आणि बाथरूमच्या टाइल्स आठवतात. इथलं सिरॅमिक म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. ही वस्तू तुमच्या गावात आहे. हार्डवेअरच्या दुकानात पेंटर लोक जो काळा वॉटर पेपर मागतात, त्यावरची खर बहुधा हीच असते. शटलच्या पत्र्यांवर ती रंगासारखी फासलेली नव्हती. पत्रा सिलिकॉनयुक्त भुकटीत पुरून, हवेच्या जागी आर्गॉन वायू भरलेल्या भट्टीत सुमारे १६५० अंशांपर्यंत तापवायचा. सिलिकॉन कार्बनमध्ये शिरतं आणि पत्र्याची वरची अर्धा ते एक मिलिमीटर कातडी स्वतःच सिलिकॉन कार्बाइड बनते.

आणि तिला ऑक्सिजन भेटला की काय होतं? तीही किंचित गंजते, पण तिचा गंज म्हणजे सिलिका, काच. तो पातळ काचेचा थर आतल्या भागाला झाकून बसतो आणि पुढचा ऑक्सिजन अडवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, पापुद्रे सुटतात आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. अ‍ॅल्युमिनियमचा गंज मात्र घट्ट बसतो आणि राखण करतो. दहावीला क्षरण शिकवताना आपण हा फरक सांगतो ना, तोच इथे आहे. मला तरी याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण लेपाचं एक दुखणं आहे, आणि ते घरातल्या बशीवर दिसतं. जुन्या चिनी मातीच्या बशीवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडलेलं असतं. आतली माती आणि वरची चकाकी सारख्या प्रमाणात आकसत-फुगत नाहीत म्हणून वरचा थर तडकतो. सिलिकॉन कार्बाइड आणि कार्बनचं तेच. भट्टीतून काढून थंड करताना वरची कातडी आतल्या कार्बनपेक्षा जास्त आकसते आणि तिला केसाएवढ्या भेगा पडतात. भेग म्हणजे ऑक्सिजनला वाट. म्हणून त्यावर आणखी उपचार: सिलिका मागे सोडणारा एक द्रव आत मुरवायचा, वरून काचेसारखा लेप देऊन भेगा बुजवायच्या. थरावर थर, आणि प्रत्येक थर आधीच्या थराची उणीव भरून काढणारा. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या कौलारू घराची आठवण झाली, दर मे महिन्यात कौलं चाळावी लागायची.

कौलांवरून पाऊस आठवला. १९९२ साली कोलंबियाच्या पत्र्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. शोध घेतल्यावर संशय गेला तो उड्डाणतळाच्या लोखंडी सांगाड्यावर. त्याच्या रंगातलं जस्त पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून खाली उभ्या असलेल्या यानावर ठिबकत होतं आणि प्रचंड उष्णतेत ते लेपाला छिद्र पाडत होतं. जगातलं सर्वांत गुंतागुंतीचं यान, आणि त्याला बाधली रंगातून ठिबकणारी पागोळी! हा किस्सा मुलं कधीच विसरत नाहीत.

असो. २००३ला यान पडलं ते या छिद्रांमुळे नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. लेप त्याचं काम चोख करत होता. उष्णतेने तो हरला नाही. त्याला बाहेरून टवका पडला.

१६ जानेवारी २००३. उड्डाणाला ८२ सेकंद झाली असताना मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, आठव्या क्रमांकाच्या पत्र्यावर. तुकड्याचं वजन साधारण पाऊण किलो, आणि फोम म्हणजे थर्माकोलच्या जातीचा हलका पदार्थ. "थर्माकोलने काय होणार?" मुलांना हा प्रश्न विचारा, सगळी हसतात. मग फळ्यावर गणित मांडा. यान तेव्हा ताशी सुमारे अडीच हजार किलोमीटर वेगात होतं. फोम सुटल्याबरोबर हवेने त्याला मागे ओढलं, आणि मागून येणारा पंख त्याच्यावर जाऊन आपटला. दोघांच्या वेगातला फरक ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २२२ मीटर. गतिज ऊर्जेचं सूत्र वापरलं की उत्तर येतं सुमारे १८,७०० ज्यूल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते साधारण १२० ज्यूल. म्हणजे दीडशेहून जास्त चेंडू, एकाच वेळी, एकाच जागी. आता कोणी हसत नाही. आणि हा पत्रा उष्णतेसाठी घडवला होता, असा मार खाण्यासाठी नाही.

यान सोळा दिवस वर होतं. वर हवा नाही, त्यामुळे पंखाला भोक असूनही काहीच बिघडलं नाही. सगळे प्रयोग नीट पार पडले. खाली येताना मात्र तापलेली हवा त्या भोकातून आत शिरली आणि पंखाचा अ‍ॅल्युमिनियमचा कणा वितळवत गेली. डाव्या पंखातले सेन्सर एकेक करून बंद पडले, डाव्या चाकांच्या दाबाची नोंद गेली, आणि मग यानच गेलं. जुन्या इनॅमलच्या थाळीला टवका उडाला की गंज नेमका तिथूनच शिरतो. थाळीला महिने लागतात. इथे खेळ मिनिटांचा होता.

आता 'नियती'कडे वळू, कारण माझा खरा आक्षेप पुढच्या भागाबद्दल आहे.

फोम आदळल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं होतं. काही अभियंत्यांना काळजी वाटली. पंखाला किती इजा झाली ते बघायला लष्करी यंत्रणेकडून यानाचे फोटो मिळवावेत, अशी मागणी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा झाली. फोटो काढले गेले नाहीत. मागणी नेमकी कोणी केली, ती रीतसर आली का, खरंच गरज आहे का, यातच ती विरून गेली. फोम याआधीही पडला होता. तीनेक महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००२ मध्ये, टाकीच्या त्याच भागातला तुकडा सुटला होता आणि यान सुखरूप परत आलं होतं. दर वेळी पडतो, दर वेळी काही होत नाही, म्हणून याही वेळी काही होणार नाही, असा तो हिशेब. इजेचा अंदाज ज्या संगणकी सूत्राने काढला ते सूत्र लहानशा तुकड्यांवर पारखलेलं होतं. हा तुकडा शेकडो पटींनी मोठा. एका अभियंत्याने तर वरिष्ठांना कडक ई-मेल लिहिला, सहकाऱ्याला दाखवला, आणि पाठवला नाही. अंतराळवीरांना कळवलं गेलं की फोम लागला आहे, पण काळजीचं कारण नाही.

जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनिओच्या एका संशोधन संस्थेत तशाच पत्र्यावर तेवढाच फोम तेवढ्याच वेगाने मारून पाहिला. पत्र्याला सुमारे ४० सेंटिमीटर रुंद-लांब भगदाड पडलं. माणसाचं डोकं सहज आत जाईल एवढं.

यात नियती कुठे आहे, मला दाखवा. कार्बन आहे, ऑक्सिजन आहे, भोक आहे, आणि प्रश्न विचारल्यावर "बसा खाली" म्हणणारी यंत्रणा आहे. हे शेवटचं लिहिताना मला माझाच वर्ग आठवतो. दोन प्रसंगांची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला कळतं. तरी आठवतो.

सहकाऱ्यांचे आक्षेप मला माहीत आहेत. एक म्हणतात, एवढं सगळं लहान मुलांच्या डोक्यावरून जाईल. जात नाही. निखारा, बशी, थाळी आणि चेंडू एवढ्यावर सगळं उभं राहतं. दुसरे म्हणतात, हे अभ्यासक्रमात नाही. पण कार्बन आहे, क्षरण आहे, उष्णतेने होणारं प्रसरण आहे, गतिज ऊर्जा आहे. वेगवेगळ्या इयत्तांत विखुरलेलं आहे एवढंच. एका पालकांनी मला सरळ सांगितलं, "मॅडम, स्पर्धेत बक्षीस भावनेला मिळतं, माहितीला नाही." यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. गेल्या वर्षी आमच्या मुलीचा नंबर आला नाही, हे खरंच आहे. परीक्षक म्हणाले, भाषण चांगलं होतं पण विषय सोडून गेली.

विषय सोडून? कल्पना चावला विमानविद्या शिकलेल्या इंजिनिअर होत्या. त्या ज्या यानातून गेल्या त्याचा पंख कशाचा होता हे सांगणं म्हणजे विषय सोडणं, आणि त्या लहानपणी गच्चीवरून विमानं बघायच्या हे सांगणं म्हणजे विषयाला धरून राहणं? मला हे पटत नाही. आपण मुलींना त्यांचं स्वप्न सांगतो, काम सांगत नाही. मग दहावीनंतर हीच मुलगी "मला गणित जमणार नाही" म्हणाली की आपण चकित होतो.

कसं शिकवते ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझ्यासारखी फजिती होणार नाही. पहिल्या वर्षी इस्त्रीवाल्या काकांकडून दोनच निखारे आणले. एक उघडा ठेवला, एक राखेत पुरला. उघडा निखारा जळून संपायच्या आत गार होऊन विझला, तसाच काळा, आख्खा. मुलांनी निष्कर्ष काढला की उघडा ठेवलेला कोळसा जास्त टिकतो! तास संपला आणि मी घाम पुसत बाहेर आले. तेव्हा निखारे आठ-दहा तरी घ्या, एकाला एक लागून ठेवा आणि उघड्या ढिगाला अधूनमधून पुठ्ठ्याने वारा घाला. लोखंडी घमेली दोन, खाली विटा, आणि हे काम शिक्षकांनीच करायचं, मैदानात, मुलं चार हात लांब. तासाभराने एका घमेल्यात राख दिसते, दुसऱ्यात राख उकरली की लाल निखारे. थाळी, बशी आणि वॉटर पेपर मात्र मुलांच्या हातात द्या. पालकांना एवढीच विनंती, की मूल घरी येऊन माळ्यावरची टवका उडालेली थाळी शोधायला लागलं तर ओरडू नका.

आपल्याकडचा धागाही जरूर जोडा. अपघातानंतर भारताने आपल्या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' नाव दिलं. हा उपग्रह सप्टेंबर २००२ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटने गेला होता. त्याच पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनासाठी तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने कार्बन-कार्बनचं नॉझल तयार केलं आणि मार्च-एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, आधी ६० सेकंदांची, मग २०० सेकंदांची. जुन्या धातूच्या भागापेक्षा वजन ६७ टक्क्यांनी कमी, त्यामुळे रॉकेट १५ किलो जास्त भार नेऊ शकतं. आणि त्या कार्बनला ऑक्सिजनपासून वाचवायला लेप कशाचा? सिलिकॉन कार्बाइडचा. आधीचा धातू कोलंबियमचं मिश्रण होता. नावातला हा योगायोग मी सांगायच्या आधी एका मुलीनेच पकडला.

यंदाच्या तासाला सहावीतला एक मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. घंटा झाल्यावर म्हणाला, "बाई, चुलीवर राख आजी घालते. तिकडे वर टवका उडाला तर कोण घालणार?"

मी त्याला सांगितलं, की अपघातानंतर नासाने तशी लुगदी बनवली. भेगेत भरायची, उष्णतेने तिचंच सिरॅमिक होतं. तिच्यातही सिलिकॉन कार्बाइडची भुकटी असते. २००५ साली शटल पुन्हा उडालं तेव्हा अंतराळवीरांनी यानाबाहेर जाऊन ती नमुन्याच्या तुकड्यांवर भरून पाहिली. आणि तेव्हापासून प्रत्येक शटल वर गेल्यावर लांब दांड्याला बसवलेल्या कॅमेऱ्याने पंखाची कड तपासली जायची.

त्याने दप्तर खांद्याला अडकवलं आणि विचारलं, "हे आधी का नाही केलं?"

त्याला मी खाली बसवलं नाही. मधली सुट्टी होती, आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो आणि मी त्याला त्या न पाठवलेल्या ई-मेलची गोष्ट सांगितली.